उसवलेली पँट

प्रिय बारक्या,

पत्र बघून घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही. समोर आले की माझा आवाज चढतो, तू भिंतीकडे तोंड करतोस आणि वॉर्डातली बाई मलाच बाहेर काढते. कागदावर ओरडता येत नाही, म्हणून लिहितेय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, सांभाळून घे.

तुझं सायकलचं दुकान दाजी उघडतात. पंक्चर कसंबसं काढतात, पण तारा पिळून वाकड्या चाकाचा आउट काढायला बसले की चाकाचं अंडं करून ठेवतात. गिऱ्हाइकं विचारतात, बारक्या कधी येणार? मी सांगते, येतोय.

आणि तू काल डॉक्टरांना म्हणालास, गुडघ्याखालून तोडून टाका, एकदाचं संपू दे. ट्रकनं उडवल्याला वर्ष होऊन गेलं, नडगी जुळत नाही, पू थांबत नाही. कंटाळलास, कळतं मला. पण ऐकलं आणि तशीच डॉक्टरांच्या खोलीत भांडायला गेले. त्यांनी एक्स-रे उजेडाला धरून सगळं सांगितलं. सडलेलं हाड कापून काढायचं. पायाला बाहेरून लोखंडी कड्या बसवायच्या आणि बारीक तारा हाडातून आरपार नेऊन त्या कड्यांना ताणून बांधायच्या. मग वरचं चांगलं हाड एका जागी तोडायचं आणि नट रोज जरासा फिरवायचा. हाड हळूहळू खाली सरकतं, मागं नवं हाड धरतं. महिनोन्‌महिने लागतात, दुखतं, तारांच्या तोंडाशी पू होऊ शकतो, हेही त्यांनी लपवलं नाही. मला हसूच फुटलं. डॉक्टरांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. अरे, हे तर तुझंच काम! कडी, तारा, थोडा थोडा पीळ. वाकडं चाक फेकायला निघालेल्या गिऱ्हाइकाच्या सात पिढ्या उद्धारतोस, आणि स्वतःचा पाय भंगारात?

आणखी एक. तुझी गादी उन्हात घातली तेव्हा खाली चाकाची तार सापडली, टोकाला वाकवलेली. प्लास्टरच्या आत खाज सुटली की तीच घालून खाजवायचास ना? तेव्हा कळलं, पू आपल्याच तारेनं झाला असं तू धरून बसलायस. डॉक्टरांना विचारलं मी. ते म्हणाले, तारेनं बरं केलं नाहीच, पण हाड पहिल्याच दिवशी कातडी फोडून रस्त्याच्या मातीत आलं होतं, घाण तेव्हाच शिरली असणार. तेव्हा स्वतःला शिक्षा देणं बंद कर. काट्यानं काटा काढतात.

बाहेर बाकावर एक माळी अशाच कड्या घालून बसला होता. खुशाल चहा पीत होता. पण पँटचा एक पाय फाडून वर सुतळ्या बांधलेल्या! माझ्यातल्या शिंपिणीचा जीव वरखाली झाला. परत आत गेले, डॉक्टरांच्या टेबलावरच्या नमुन्याच्या कडीला टेप लावून घेर मोजला. घरी येऊन तुझी निळी पँट काढली, डाव्या पायाची बाहेरची शिवण कमरेपासून खालपर्यंत उसवली, रुंद पट्टी जोडली, टिचबटणं लावली. कड्या आत सहज मावतील. पत्राबरोबर पिशवीत आहे, हात लावून बघ. उद्या सकाळी डॉक्टर तुला शेवटचं विचारायला येतील. पाय तुझा, सही तुझी. पण तोडायचाच असेल, तर ही पँट आखूड करायला दुसरा शिंपी शोध. माझी कात्री चालणार नाही.

तुझीच, भांडकुदळ
ताई