सात पौंड म्हणजे डाव्या हातचा मळ

५ जानेवारी, सकाळी ८
बायपासला पाच आठवडे झाले. मी ठणठणीत. वजन १३८. नर्स कॅरिन म्हणते, या वयात ऑपरेशननंतर नीट जेवलं नाही तर अंगातलं मांस झडतं. १४५ झालं तरच २५ तारखेला गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला सोडणार. पंचेचाळीस वर्षांत माझा एकही हिवाळा चुकलेला नाही. सात पौंड म्हणजे डाव्या हातचा मळ. उद्यापासून दोन अंडी, चिकन, प्रोटीन शेक.

६ जानेवारी
अंडं पुठ्ठ्यासारखं लागलं, शेक खडूसारखा. जीभ ऑपरेशनमध्ये बिघडली, त्यात माझा काय दोष? उद्यापासून नक्की.

९ जानेवारी
व्हर्नानं हौसेनं हॉटडिश, म्हणजे मांस-बटाट्याचा भाजलेला पदार्थ, केला. बायकोचं मन मोडू नये म्हणून टेबलाखाली ओटोला दिला. कुत्र्याला चव आहे. ताट लख्ख बघून व्हर्ना म्हणाली, हॅल्वर, शहाणं ते माझं बाळ!

१५ जानेवारी
१३७. काटा बिघडलाय. रोज सकाळी व्हर्ना शेजारी उभी राहून आकडा वाचते आणि कॅरिनला फोन करते. एवढा अविश्वास! ओटो मात्र छान बाळसं धरतोय.

२४ जानेवारी, सकाळी ७
काल १३४. मुदत उद्या. गळाला लावायची शिशाची वजनं सापडली, सगळी झग्याच्या खिशात भरून काट्यावर चढलो. ही फसवणूक नव्हे, मांस येणारच आहे, फक्त आधी दाखवलं. १४५! व्हर्ना पांढरीफटक. आनंदानं असावी. फोनकडे धावली.

दुपारी २, हॉस्पिटल
एका रात्रीत एवढं वजन वाढलं म्हणजे अंगात पाणी साठलं, हृदय थकलं, असं धरतात म्हणे. मला कोणी सांगितलंच नव्हतं. (तीनदा सांगितलं होतं, इति व्हर्ना.) अ‍ॅम्ब्युलन्स आली. इथे कॅरिननं झगा उतरवला आणि शिशाची वजनं फरशीवर खडखडली. व्हर्ना आधी हसली, मग रडायलाच लागली. म्हणाली, मेल्या, मला वाटलं तू चाललास. फार लाज वाटली.

२५ जानेवारी
शेजारचा ड्वेन तळ्यावर जाता जाता भेटून गेला. सोबत ओटो. कुत्र्याचं वजन फार वाढलंय, रोज बाहेर न्या, असं जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलंय. बर्फावरच्या माझ्या खोपटात, माझ्या जागी, आज ओटो बसणार.
समोर अंडं आलं. वाकून टेबलाखाली पाहिलं. कोणी नव्हतं. खाल्लं.