अख्ख्या ग्रहाला एकच नाक

ती. मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार (हा माझ्या स्वतःच्या आवाजातला आहे, हे मुद्दाम सांगतो). तुमचा डावा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला गेला असेल असं धरून चालतो. गेला नसेल तर त्यांना जपायला सांगा, आणि गेला असेल तरी सांगा. इकडे सगळं ठीक आहे. आईची तब्येत उत्तम आहे, म्हणजे ती रोज नवी तक्रार सांगते आणि कालची विसरते. सौ. बरी आहे. हे पत्र पाहून तुम्हाला जरा नवल वाटेल, कारण परवाच मी फोनवर तुमच्या गुडघ्याची सविस्तर चौकशी केली होती. इतक्या लवकर पुन्हा चौकशी करणाऱ्या भाच्याचं काहीतरी काम असणार, अशी शंका तुम्हाला येईल. तसं काही नाही. निदान पत्राच्या या पानावर तरी नाही.

माझा धंदा तुम्हाला ठाऊक आहेच. सगळ्या नातेवाइकांसमोर तुम्हीच एकदा सांगितलं होतंत की हा दारांचे आवाज काढतो. ते खरंच आहे. अंतराळाच्या त्या चित्रपटमालिकेचे जेवढे भाग आजवर आपल्या भाषेत आले, त्या सगळ्यांत यानाचं दार मीच आहे. (‘दार बंद होत आहे, कृपया शेपट्या आत घ्याव्यात’ हे माझं वाक्य लहान मुलांत बरंच चालतं.) पण दाराखेरीजही मी पुष्कळ काही असतो. नायकाला उशिरा बातमी देणारा शिपाई मी, नायकाच्या आधी पुलावर पाय टाकणारा शिपाई मी, आणि ‘तिकडे काही नाही’ असं सांगून स्वतःच तिकडे बघायला जाणारा शिपाईही मीच. यांच्यापैकी कोणी फार दिवस काढत नाही. या मालिकेत मी जळालो आहे, गोठलो आहे, विरघळलो आहे, आणि एकदा तर आमचंच यान माझ्या अंगावर उतरलं. आई चित्रपट पाहून आली की एवढंच विचारते, या खेपेला किती वेळ होतास रे? मध्यंतरापर्यंत होतो म्हटलं की तिला बरं वाटतं.

तर नव्या भागात एक न्यायालयाचं दृश्य आहे आणि सगळा घोळ तिथे झाला. कुठल्याशा ग्रहावर एका जांभळ्या हमालावर लहानसा चंद्र चोरल्याचा खटला चालतो. त्याचा वकील काचेच्या बरणीत राहतो. साक्षीदार म्हणजे सहा पायांचा किडा. आणि न्यायाधीश हा एक अवाढव्य दगड आहे (खुर्चीवर इतका काळ बसलेला की अंगावर शेवाळ आलंय). यातला किडा पहिल्यापासून माझाच होता, किडे मलाच देतात. मग वकिलाचं काम करणारा गृहस्थ भावाच्या लग्नाला म्हणून गेला आणि तिकडेच रमला, म्हणून वकील माझ्याकडे आला. हमालाचा आवाज देणाऱ्याचा घसा बसला, मग हमालही माझ्याकडे आला. न्यायाधीशासाठी रंगभूमीवरचे एक मोठे नट ठरले होते, पण न्यायाधीशाला पायच नाहीत हे कळल्यावर त्यांना तो अपमान वाटला. (द्यायचा होता फक्त आवाज. पण नट मोठे होते.) दर वेळी स्टुडिओतल्या व्यवस्थापक बाई मलाच फोन करायच्या, कारण मी मागच्याच गल्लीत राहतो आणि सहसा घरी असतो.

मामा, हा न्यायाधीश मरत नाही. वकिलाची बरणी फुटते, किडा धावपळीत पायाखाली येतो, हमाल निर्दोष सुटतो आणि बाहेर पडताच त्याच्यावर तोच चंद्र कोसळतो. न्यायाधीश मात्र चित्रपट संपतो तेव्हाही खुर्चीवर शाबूत असतो. शाबूत राहिलेल्याला पुढच्या भागात घेतात, असा या मालिकेचा रिवाज आहे. म्हणजे एवढ्या वर्षांत माझ्या वाट्याला आलेला हा पहिलाच टिकणारा जीव (दगड असला म्हणून काय झालं?). तो हातचा जाऊ नये असं मला फार वाटतं, आणि तेवढी एक गोष्ट सोडली तर हे पत्र केवळ ख्यालीखुशालीचं आहे.

आमच्या कामाची पद्धत तुम्हाला सांगायला हवी. स्पंज लावलेल्या एका खोलीत एकेकाने एकट्याने उभं राहायचं, समोर पडदा, कानात फक्त आपल्या वाट्याचं वाक्य. दुसरा काय बोलला हे ऐकू येत नाही. त्यामुळे किडा झाला, मग वकील झाला, मग हमाल झाला, शेवटी न्यायाधीश झाला, आणि चौघांची एकमेकांशी गाठ पडलीच नाही. किड्यासाठी मी नाकाला कपड्यांचा चिमटा लावला होता. वकिलासाठी तोंडात पाणी धरून बोललो (त्यातलं थोडं पाणी माइकवर गेलं, पण तो विषय आता मिटला आहे). हमाल रडवेला केला. न्यायाधीशासाठी हनुवटी छातीला टेकवून बेंबीपासून आवाज काढला आणि नंतर मानेला तेल लावून घेतलं. चौघांत तिळाएवढं साम्य कोणी दाखवून द्यावं, अशी माझी तयारी होती.

साम्य दाखवलं ते ध्वनिमुद्रण करणाऱ्या बाईंनी. त्यांनी चौघांना जोडून अख्खं दृश्य ऐकलं, कानावरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या की आवाज वेगवेगळे आहेत, पण या अख्ख्या ग्रहाला नाक एकच आहे. झालं होतं असं की बोलण्याआधी श्वास घेताना माझी उजवी नाकपुडी बारीकशी वाजते. गळ्याचे मी नाना प्रकार केले, पण श्वासाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. वकील उलटतपासणीला उठतो, सूं. साक्षीदार उत्तर देतो, सूं. हमाल हात जोडतो, सूं. चिमटा लावलेल्या किड्याचंसुद्धा सूं कसं काय झालं, हे त्या बाईंनाही सांगता आलं नाही. एकदा कळल्यावर मग दुसरं काही ऐकूच येईना. खटला राहिला बाजूला, सगळं न्यायालय सर्दीने बेजार झाल्यासारखं वाटायला लागलं.

आमच्या दिग्दर्शकांना आम्ही पाठीमागे पुन्हासाहेब म्हणतो, कारण कोणी कितीही चांगलं बोललं तरी ते ‘पुन्हा’ म्हणतात. त्या दिवशी ते ‘पुन्हा’ म्हणाले नाहीत, त्यामुळे मी घाबरलो. मग त्यांनी निकाल दिला की सोमवारपर्यंत चौघांना चार वेगळी नाकं मिळाली पाहिजेत, नाहीतर एक पात्र माझ्याकडे ठेवून बाकीची दुसऱ्यांना वाटून टाकू, आणि ठेवायचं कोणतं ते तेच ठरवतील. ते माझ्याकडे कोणाला ठेवणार हे सांगायला नको. किडा!

म्हणून मी श्वास गोळा करायला निघालो. ध्वनिमुद्रणाच्या बाईंनी तळहाताएवढं एक यंत्र उसनं दिलं. वकिलासाठी मला सौ.चा श्वास हवा होता, वाद सुरू करण्याआधी ती घेते तो. पण घे म्हटलं की तो येत नाही. शेवटी मी ओला टॉवेल पलंगावर पसरला आणि दाराआड यंत्र धरून उभा राहिलो. श्वास अप्रतिम मिळाला. पुढचं बोलणंही यंत्रात आलं, ते बाईंनी कापून टाकलं (त्याआधी त्यांनी ते दोनदा ऐकलं आणि मान डोलावली). साक्षीदारासाठी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना गाठलं. लिफ्ट बंद असते, ते पिशव्या घेऊन जिना चढतात आणि आमच्या दारापाशी टेकतात. मी रोज नेमका त्याच वेळी दार उघडून त्यांच्या तोंडापुढे यंत्र धरायला लागल्यावर त्यांनी सौ.कडे माझ्याविषयी काळजी व्यक्त केली. हमालाला माझाच श्वास ठेवायचं ठरलं, कारण माझं नाक अपराध्यासारखं वाजतं असं सगळ्यांचं मत पडलं.

राहिला न्यायाधीश. मामा, तुम्ही वजनमापांचे निरीक्षक होतात तेव्हा दुकानात शिरून तराजूकडे बघत जो श्वास घ्यायचात, तो अजूनही घेता. काही विचारलं की आधी तो श्वास, मग शांतता, मग निर्णय. दुकानदार त्या शांततेतच खोटं वजन स्वतःहून काढून द्यायचे, असं आई सांगते. आमच्या घरातली लग्नं, घरं, नोकऱ्या, सगळं त्या श्वासापाशी येऊन थांबलेलं आहे. तेव्हा परवा मी जो फोन केला तो गुडघ्यासाठीच होता, फक्त तो स्टुडिओतून केला होता आणि आवाज जरा मोठा ठेवला होता. मी म्हटलं, मामा, गुडघा कसा आहे? तुम्ही श्वास घेतलात. बाईंनी हाताने खूण केली की मिळाला. मी फोन ठेवणार, तेवढ्यात तुम्ही गुडघ्याविषयी बोलायला सुरुवात केलीत, आणि पुन्हासाहेब चहाचा कप तसाच हातात धरून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

जाता जाता आमच्या स्टुडिओविषयी लिहितो, सहज म्हणून. तो तिसऱ्या मजल्यावर आहे आणि जिना उभा आहे. खोलीत गारठा असतो. खुर्ची मिळत नाही, कारण ती करकरते. घड्याळ काढून ठेवावं लागतं, पोट वाजू नये म्हणून न जेवता यायचं नाही आणि जेवूनही यायचं नाही. कडक इस्त्रीचा शर्ट अजिबात चालत नाही, कॉलर वाजते. मागे एका प्रतिष्ठित गृहस्थांना निव्वळ बनियनवर उभं राहून सम्राटाचं भाषण करावं लागलं, आणि काचेपलीकडे चार परकी माणसं बसलेली होती. वयस्क माणसाला हे शोभत नाही, असं माझं आपलं मत. कळावे, मामींना नमस्कार, लोभ आहेच.

तुमचा भाचा

ता. क. सोबत पुन्हासाहेबांची चिठ्ठी जोडली आहे. न्यायाधीशाचं काम तुम्ही करावं असं ते म्हणतात. श्वास तर हवाच, पण श्वासानंतरचा माणूसही हवा, असे त्यांचे शब्द आहेत. गाडी पाठवणार आहेत. मी हे तुम्हाला कळवण्याचं कबूल केलं होतं, त्याप्रमाणे कळवलं.

आणखी एक ता. क. मामा, कृपा करून नाही म्हणा. गुडघा आहेच. तुम्ही नाही म्हणालात तर तुमच्या श्वासापुढे माझा आवाज जोडून न्यायाधीश माझ्याकडेच राहतो, असं ध्वनिमुद्रणाच्या बाईंनी खासगीत सांगितलं आहे. आम्ही तसं जोडूनही पाहिलं. खरं सांगायचं तर श्वासात न्यायाधीश येतो आणि माझ्या आवाजात त्याचा कारकून बोलतो. ते मला ऐकू आलं, आणि त्याचा मला रागही आला. तरी नाही म्हणा. मला आयुष्यात एकदा पुढच्या भागात जायचं आहे.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवता चिकटवता व्यवस्थापक बाईंचा फोन आला. पुढच्या भागाचं कथानक आलं आहे. न्यायाधीश पहिल्याच दृश्यात मरतो. हळूहळू मरतो, बराच वेळ, आणि त्याचे श्वास एकेक करून ऐकू यायला हवेत असं लिहिलेलं आहे. हे ऐकलं आणि लगेच पुन्हासाहेबांना फोन लावला. वरची विनंती मागे घेतो. तुम्ही या. शर्टाचं काही तरी करू, खुर्चीही मिळवतो. निकाल तुम्ही द्या. पण त्या पहिल्या दृश्यासाठी तुम्हाला मी बोलावू देणार नाही, ते मी करीन, मला सवय आहे. दोन आवाज जुळायचे नाहीत असं पुन्हासाहेब म्हणाले, तेव्हा मी सांगितलं की मरताना कोणाचाही आवाज बदलतो. त्यावर ते ‘पुन्हा’ म्हणाले नाहीत.