धुळा कोळेकर यांचा फोटो कॅफेच्या भिंतीवरून उतरवण्याबाबत

दिनांक : १७ मार्च २०२५

प्रति,
मा. अन्न सुरक्षा अधिकारी,
अन्न व औषध प्रशासन कार्यालय,
सांगली.

विषय : ‘रानचव’ ऑरगॅनिक कॅफेच्या भिंतीवरील माझ्या मालकांचा फोटो व फळ्यावरील त्यांचे नाव काढणेबाबत.

संदर्भ : फळ्याचा ३ मार्चचा फोटो व ग्रामपंचायतीचा दाखला, सोबत जोडले आहेत.

महोदय,

आमची नात सोनिया हिचे लग्न झाले त्या साली, म्हणजे २०२२ च्या उन्हाळ्यात, कडेगावहून कराडला जाणाऱ्या रस्त्यावर हा कॅफे निघाला. शेतातल्या दुधाचे आईस्क्रीम, नाचणीचे डोसे, हलके जेवण असे तिथे मिळते. चालक शिवतेज हे शिकलेले व बोलायला गोड. आमच्या दोन खिलार गाईंचे दूध ते दीड वर्ष नेत होते. तेव्हाच त्यांनी माझे मालक धुळा यांचा गाईशेजारी उभा फोटो काढून भिंतीवर मोठा करून लावला. त्या वेळी ते खरे होते, म्हणून आमची तक्रार नव्हती.

१. पुढे २०२४ च्या माघात गाय व्याली. शिवतेज यांनी खरवसाच्या आईस्क्रीमसाठी चीक मागितला. आमच्यात चीक विकत नाहीत. आधी वासरू पिते, मग बिरोबाला जातो, उरलेला वाडीत घरोघर वाटतात. मालक एवढेच म्हणाले, "चीक इकून बिरुबाम्होरं कसा हुबा ऱ्हाऊ?" दुसऱ्या दिवसापासून दुधाची गाडी बंद झाली. त्याचे दुःख नाही. दूध डेअरीला जाऊ लागले.

२. आता आईस्क्रीम बंद खोक्यांतून टेम्पोने येते. ते कुठल्या दुधाचे, हे तपासणे आपले काम आहे. ते आमच्या गोठ्यातले नाही, एवढे मी सांगते. फोटो मात्र तिथेच राहिला. त्याखाली नवी पाटी लागली : ‘धुळाबाबांच्या गाईच्या चिकाचे खरवस आईस्क्रीम, रु. १८०’.

३. ही पाटी साऱ्या वाडीने वाचली. मालकांच्या बरोबरीचे कृष्णात पारावर म्हणाले, "धुळा, तुझं त्वांड बघायला बी आता एकशेऐंशी रुपयं लागत्यात गड्या." मालकही हसले. पण पावसाळ्यात दुसरी गाय व्याली आणि शेजारी राहीबाईकडे मी चिकाचा तांब्या पाठवला, तो भरलेलाच परत आला. निरोप होता की राहू द्या, हॉटेलाला कमी पडेल. चाळीस वर्षांत आमच्या घरचा चीक कुणी परत केला नव्हता. त्या दिवशी मालक जेवले नाहीत.

४. पाटी काढा असे सांगायला मालक स्वतः कॅफेत गेले. त्यांना फोटोखाली खुर्चीत बसवण्यात आले. पुण्याहून आलेल्या गिऱ्हाइकांनी खांद्यावर हात टाकून त्यांच्यासोबत फोटो काढले. "माझं दूध न्हाई, तर माझं त्वांड कशाला?" असे त्यांनी शिवतेज यांना विचारले. उत्तर म्हणून त्यांना एक आईस्क्रीम फुकट मिळाले. ते हातातच वितळू देऊन मालक घरी आले. त्यानंतर बिरोबाच्या देवळात ते पायरीच्या वर चढले नाहीत.

५. ३ मार्चला मी गेले. मी अक्षरे पासष्टीनंतर शिकले, पण फळा मला नीट वाचता आला : ‘आजचे दूध : धुळाबाबांनी पहाटे स्वतः काढलेले’. गल्ल्यावर बसणाऱ्या राजेश्वरी या मुलीला मी फोटो उतरवून मागितला. ती अदबीने म्हणाली, "आजी, ज्यांचा फोटो आहे त्यांनाच पाठवा. त्यांनी लिहून दिलं की लगेच काढतो." मी फळ्याचा फोटो काढून घेतला व घरी आले.

तरी आपण तपासणी करून फोटो, पाटी व नाव उतरवण्याचा हुकूम द्यावा. तसेच धुळा कोळेकर यांनी चीक कधीही विकला नाही, असे त्याच भिंतीवर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहायला लावावे, म्हणजे वाडीतले लोक येता-जाता वाचतील. मला भरपाई नको.

लिहून देण्याची अट मात्र पुरी होणार नाही. माझे मालक धुळा सिदू कोळेकर हे मंगळवार, दिनांक २१ जानेवारी २०२५ रोजी राहत्या घरी वारले.

अर्जदार,
(सही)
हरणाबाई धुळा कोळेकर
बाभूळवाडी, ता. कडेगाव, जि. सांगली