आठवा विद्यार्थी

सांगली, सोमवार, जुलै १९४४

आज अर्थशास्त्राच्या वर्गात आठाचे सात झाले. आठ मुलं नसतील तर यंदा हा विषय बंद, असं प्राचार्यांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं.

तास चालू असताना शिंदेचे वडील दारात आले. वहाणा बाहेर काढून उभे राहिले. अंगात पलटणीतला खाकी कोट, बाह्या पार बोटांवर उतरलेल्या.

"आवं मास्तर, थोरला बर्मात कामी आला. तार आली. शेतावर मानूस न्हाई. ह्या धाकट्याला न्यायला आलोय."

म्हणजे कोट थोरल्याचाच. मला काहीतरी वाटायला हवं होतं ना? मी मनात डोकी मोजत होतो. "सहामाहीपर्यंत तरी राहू द्या त्याला," म्हणालो. दोनदा म्हणालो.

शिंदेनं वह्या गोळा केल्या.

संध्याकाळ झाली, अजूनही आत काही हलत नाही. त्या लांब बाह्या तेवढ्या दिसतात. जाताना म्हाताऱ्यानं त्या बाह्यांनीच डोळे पुसले आणि म्हणाला, "लय माया हाय तुमची पोरावर."

मी हो म्हणालो.