खिळ्यावरचं हेल्मेट

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

ही वही मी हौसेने लिहीत नाही. पंपाचे मालक अनिरुद्ध गोसावी यांची अट आहे की व्यवस्थापकाने रोजचं लिहून ठेवायचं. आधीचे दोघे काहीही न सांगता सोडून गेले. ठीक आहे. अठ्ठावीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली, एक वही जड नाही.

पहिला दिवस छान गेला. रोहनने खराडीला ऑफिसला जाताना मला मोटरसायकलवरून हडपसरला सोडलं. त्याचं हेल्मेट नेहमीप्रमाणे घरी. म्हणाला, ‘आई, आता या लोकांना शिस्त लाव, मला जरा सुट्टी दे.’ पंप चोवीस तास चालतो. नोझलवर जयसिंग आहेत, इथले सर्वांत जुने. ते ‘झिरो बघा’ म्हणतात आणि गिऱ्हाईक मोबाइल बघतं. मी सांगितलं, गिऱ्हाईकाने मीटरकडे बघितल्याशिवाय पेट्रोल सोडायचं नाही. सगळ्यांनी ऐकलं. चहाही बरा होता.

मंगळवार, ४

फलक आहे: हेल्मेट नाही, पेट्रोल नाही. आणि हवेच्या मशीनशेजारी खिळ्याला एक पांढरं हेल्मेट! उघड्या डोक्याने आलेला प्रत्येक जण ते घालतो, पेट्रोल भरून घेतो आणि मागच्याच्या हातात देतो. कॅमेऱ्याला हेल्मेट दिसलं की नियम पाळला गेला. तासाला तीस-चाळीस डोकी, अस्तर एक. मी ते बंद केलं. शनिवार पेठेतल्या एका गृहस्थांनी ऐकवलं, ‘बाई, पेट्रोल टाकीत घालायचंय, डोक्यात नाही.’ मी म्हटलं, डोकं असेल तर स्वतःचं हेल्मेट घेऊन या.

शेवटचा केयूर, पलीकडच्या औषधांच्या दुकानातला. तीन वाजता त्याने हेल्मेट काढून दिलं, मी कपाटात ठेवून कुलूप लावलं. जयसिंग म्हणाले, ‘मॅडम, ते फिरतं राहू द्या.’ कारण विचारलं तर नोझलकडे निघून गेले.

गुरुवार, ६

पोलीस आले होते. केयूर काल दुपारी तीनला गेला. मोटरसायकल रस्त्याकडेला स्टँडवर, हा तिच्यावर बसलेला. अपघात नाही, जखम नाही. हनुवटीखाली पट्ट्याचा काळानिळा वळ, पण हेल्मेट कुठेच नाही.

त्यांना मंगळवारचं चित्रण हवं होतं. माझ्यासमोर लावलं. त्यात मी हेल्मेट हातात घेऊन कपाटाकडे जाताना दिसते. त्याच वेळी केयूर फाटकातून बाहेर पडतो. डोक्यावर तेच पांढरं हेल्मेट.

कॅमेरा जुना आहे, असं मी सांगितलं. ते गेल्यावर पुन्हा तीनदा पाहिलं.

शुक्रवार, ७

जयसिंगना समोर बसवून विचारलं. त्यांचं म्हणणं असं, की हेल्मेट काढलं तरी ते डोक्यावरून उतरत नाही. पुढचा कुणी घालेल तेव्हाच उतरतं. पाच मिनिटांत पुढचा घालतो, म्हणून कुणाला कळत नाही. अख्खा दिवस राहिलं तर माणूस जातो. एकदा रस्ता खणला होता, गिऱ्हाईक नव्हतं, दुपारभर ते त्यांच्यावरच राहिलं. हनुवटी वर करून त्यांनी जुना वळ दाखवला. जाळून का टाकत नाही, असं विचारलं. म्हणाले, मग शेवटच्याचं काय होईल, ते कुणी करून पाहिलेलं नाही.

मी याला मूर्खपणा म्हटलं. पण मालकांनी ते परत खिळ्याला लावायला सांगितलं तेव्हा मी वाद घातला नाही.

रविवार, ९

सुट्टी. दुपारी मालकांचा फोन, गाडीतूनच. पोलीस उद्या बारा वाजता हेल्मेट जप्त करून नेणार, म्हणून यांनी ते कपाटात ठेवलं. चावी खिशात, आणि स्वारी साताऱ्याच्या वाटेवर. शेवटी कुणी घातलं होतं, मी विचारलं.

मालक म्हणाले, अहो, तुमच्या रोहननेच. एक वाजता. ‘आईच्या पंपावर नियम म्हणजे नियम’ असं म्हणाला म्हणे, हसत.

पंपावर धावले. जयसिंगनी कपाटाला पहार लावली. लोखंडी आहे. नाही उघडलं. मालक फोन उचलत नाहीत.

घरी रोहन कपाळ धरून बसलाय. केस विंचरायला गेला तर कंगवा केसांपर्यंत पोचेना. मध्येच अडतो — काही नसताना —

सोमवार, १०

नऊ. पंपावर. शेजारच्या विमलाबाई रोहनजवळ. त्याच्या हनुवटीखाली वळ उठलाय. डोकं उघडं, आणि म्हणतो, आई, हे काढ ना.

कुलूप मी लावलं म्हणून केयूर —

साडेअकरा. मालक नाहीत.

अकरा पन्नास. आले. चावी हिसकावली. घातलं. आत गरम. आत्ताच कुणीतरी काढल्यासारखं.

विमलाबाईंचा फोन. रोहन उठून बसला. भूक लागली म्हणतो.

काढलं. हातात आहे — डोक्यावरही आहे.

एक मुलगी आली. स्कूटरवर. उघडं डोकं. ‘काकू, ते द्या ना, दोनच मिनिटं.’ हात पुढे केलाय. पोलिसांची गाडी फाटकात. तिने घातलं तर मी सुटते. जयसिंग माझ्याकडे बघतायत —

नाही दिलं. जा म्हटलं. ओरडले बहुतेक. गेली.

मंगळवार, ११

अकरा अठ्ठेचाळीस. काल पोलिसांकडे सुपूर्द:

हेल्मेट, पांढरं, एक. काच नाही. अस्तर फाटलेलं.

सोबत लेखी सूचना: कुणीही डोक्यावर घालू नये.

सर्वांत शेवटी घालणारी व्यक्ती: ललिता ओव्हाळ, वय एकोणसाठ, व्यवस्थापक. परत घेण्याचा हक्क नाह—