ओलं पोतं

आप्पा, काल निलंग्याच्या एका बागायतदाराच्या दोन घोड्या ट्रकात चढवल्या. डोळ्यांवर पोतं बांधलं नाही. हे मुद्दाम सांगते आहे, कारण तुम्हाला ते मुळीच आवडलं नसतं.

जत्रेत विकलेले लाखमोलाचे घोडे नांदेडच्या मालधक्क्यावरून रेल्वेनं पाठवायचे, हा तुमचा धंदा. रीत ठरलेली. घोडा डब्याला लावलेल्या फळीपाशी आला की डोळ्यांवर ओलं पोतं, जागच्या जागी दोन गोल फेऱ्या, आणि त्याला कळायच्या आत डब्यात. मग मालक असूनही तुम्ही त्याच्यापाशीच गवतावर बसून जायचात. तिकिटाच्या डब्यात कधीच नाही.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. तुमची भाकरी घेऊन धक्क्यावर येते, तर एक पांढरा घोडा पोत्याखाली थरथरतोय, घामानं निथळतोय, आणि चार माणसं त्याला मागून रेटतायत. मला राहवलं नाही. भाकरी खाली ठेवली आणि पोतं ओढून काढलं. त्याला फळी हुंगू दिली, खुरानं ठोकून बघू दिली. गार्ड शिट्ट्या फुंकून दमला. पण घोडा चढला, आप्पा, आपल्या पायांनी चढला. तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत आणि सगळ्या हमालांसमोर ओरडलात, "गाडी काय तुझ्या बापाची हाय का, थांबायला? उद्यापास्नं हितं पाय ठिवायचा न्हाई. बाईमाणसाचं काम न्हाई ह्ये!" बाप समोर उभा राहून हे विचारतोय, याचं हसू मला फार वर्षांनी आलं. त्या दिवशी फक्त राग आला. तो अजून गेलेला नाही, आणि मी तो जाऊही देणार नाही.

धंदा तुम्ही पुतण्याला दिलात. तुम्ही गेल्यावर दोन वर्षांत त्यानं सिमेंटचं दुकान टाकलं. रेल्वेनं घोडे पाठवणं तोवर बंदच पडलं होतं. मी ट्रक घेतला तेव्हा लातूरचे व्यापारी तोंडावर हसले. आता तेच फोन करतात, "ताई, तुमीच या. दुसऱ्या कुणाला घोडं हात लावू देईना झालंय." पोतं मी एकदाही वापरलं नाही. तुमचं चुकलं होतं. घोड्याबाबतही आणि माझ्याबाबतही.

ड्रायव्हर दर खेपेला म्हणतो, "ताई, केबिनात बसा की." मी मागे घोड्यांपाशी गवतावर बसते. जनावर बिचकू नये म्हणून, असं त्याला सांगते. उघड्या डोळ्यांनी चढलेलं जनावर बिचकत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. खराऱ्याच्या पेटीत ठेवते, म्हणून लिहून टाकते: मी मागे बसते ती तुमची जागा रिकामी दिसू नये म्हणून.