साक्षी रडत का नाही

३ जुलै, गुरुवार
आज साक्षी पुन्हा चावली! वर्गातल्या पोरीच्या दंडावर दात उमटले. बाई म्हणाल्या, "आधी किती गुणाची होती हो." आधी म्हणजे मे महिन्याच्या आधी. तिची आई — माझी वहिनी — कावीळ होऊन गेली त्याच्या आधी. आता आठ वर्षांची पोर अंथरूण ओलं करते आणि पहाटे गुपचूप चादर धुवायला बसते. रडत मात्र नाही. एकदाही नाही! शेजारणी कौतुक करतात, लई समजदार म्हणून. मला ती समजदारी बघवत नाही.

४ जुलै
चादर आज मी धुतली. 

७ जुलै, सोमवार
दादा जेवताना म्हणाला, "जालन्याला वसतिगृहात टाकतो तिला. मला तर काही सुधरून न्हाई राह्यलं." साक्षी समोरच जेवत होती! मी म्हटलं, लेकराची आई गेली, आता घरही घालवतोस? तो अर्ध्या ताटावरून उठला, शेताकडे निघून गेला. वीस तारखेपर्यंत अर्ज भरायचा आहे म्हणे. मी तरी इथं माहेरी राहून परतूरला सासरच्यांना किती दिवस थांबा म्हणू? भीती वाटते.

१२ जुलै, शनिवार
वेणी घालताना गुंता जोरात ओढला गेला. तिचे डोळे भरले — आणि तिनं स्वतःच्याच हाताला कडकडून चावा घेतला. मी हात धरला. "रड की गं बाई, कोण काय म्हणतंय?"

"न्हाई. आई अडकन."

हळूहळू सगळं बाहेर आलं. दहाव्याला, शहागडच्या घाटावर, पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं. माणसं एकेक करून शब्द देत होती — पोरीला सांभाळू, शिकवू. कावळा झाडावरच. मग साक्षीला पुढं केलं. ती म्हणाली, "आई, मी रडणार न्हाई, तू जा." लगेच शिवला! सगळ्यांनी हात जोडले आणि घरी येऊन विसरून गेले. पोरीनं दोन महिने शब्द पाळला.

आणि तिला पुढं करणारी, ते वाक्य तिच्या कानात सांगणारी — मीच. फार लाज वाटते आहे.

१३ जुलै, रविवार
साक्षीला जवळ घेऊन सांगितलं — आई पोचली, ती कुठं अडकत नाही. तुला तसं बोलायला मी लावलं, चूक माझी. पाहिजे तेवढं रड.

मग म्हणाली, "मंग पप्पाला बी सांग ना, आत्या. त्यांना रडू आलं की ते विहिरीवरची मोटार चालू करतेत. कुणाला आवाज जाऊ न्हाई म्हणून."